पहिल्या स्टार्टची खडखड

३ नोव्हेंबर, रविवार

पिकअपच्या टायमिंग चेनचे दोन्ही टेन्शनर गेले. मेस्त्रीने आज सकाळी शिक्कामोर्तब केलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला, दुसरं स्वतःच्या कानाला, डोळे मिटलेले, दुसऱ्या हातात आमच्याकडचा चहा. म्हणाला, आतली चेन ढिली पडलीय. तिला ताणून धरणारे टेन्शनर रात्रभरात ऑइल सोडून देतात, म्हणून गार इंजिन चालू केलं की आधी खडखड, मग ऑइल वर चढलं की गप्प. असंच चालवत राहिलात तर एक दिवस चेन दात सोडून उडी मारेल आणि इंजिनाचा चुराडा होईल.

हे मला माहीतच होतं. सेकंड ओपिनियन घेतलं, इतकंच.

निर्णय: काम मी स्वतः करणार. व्हिडिओ पाहून झालेत. पाणीपुरवठ्याच्या मीटर विभागात अर्धं आयुष्य गेलं, मोजमाप रक्तात आहे. शिवाय बाबांची गाडी परक्याच्या हातात देणं मनाला पटत नाही. बायको म्हणाली, पण ती देऊनच टाकायची आहे ना? तिला मुद्दा कळलेला नाही.

गाडी पुट्टीकाकांना द्यायची आहे. बाबांचे भागीदार. दोघांनी मिळून जन्मभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या. कानाच्या पाळीला कायम पुट्टी लागलेली, म्हणून पुट्टीकाका. मार्चमध्ये बाबा गेले आणि आईने त्यांना सांगून टाकलं, गाडी तुम्ही न्या. मी म्हटलं, जरूर न्या, पण आधी आवाज काढून देतो. बिघडलेली वस्तू देणं बरं दिसत नाही. तेव्हापासून ते थांबलेत.

मेस्त्री म्हणाला, माझ्या हाताने एका दिवसाचं काम. मी म्हटलं, मग माझ्या हाताने दोन. तो बराच वेळ हसत होता. त्याला खोकलाही आहे.

४ नोव्हेंबर, सोमवार. पहाटे

नेहमीप्रमाणे गाडी चालू केली. बॅटरीसाठी. बॅटरीला रोज थोडा व्यायाम लागतो, हे कुठेही वाचायला मिळेल.

वेळ मी ठरवलेली नाही, ती आपोआप तीच पडते. बाबा याच वेळी निघायचे. पहाटे वारा पडलेला असतो, रस्ते रिकामे असतात. काच न्यायला हीच वेळ. आमच्या घराला गजराचं घड्याळ कधी लागलंच नाही. आधी खडखड, मग घरघर, मग फाटकाची कडी. आम्ही मुलं कूस बदलून परत झोपायचो.

मी गाडी चालू केली की आईच्या खोलीतला दिवा लागतो. बंद करून आत आलो की विझतो. बिचारीला अजून वाटत असावं की बाबा कामाला निघाले. मी तिचा भ्रम मोडत नाही. या वयात धक्का नको. म्हणजे हा उद्योग माझ्यासाठी नाहीच. बॅटरीसाठी आणि आईसाठी.

इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ केबिनमध्ये बसून राहतो. इंजिन निवताना काय काय बोलतं ते ऐकणं डायग्नोसिसच्या दृष्टीने महत्त्वाचं. सीटला बाबांचा खड्डा पडलाय, त्यात मी नीट मावत नाही. आरसाही त्यांच्या उंचीचा. त्यात मला फक्त माझं कपाळ दिसतं आणि मागे काचा उभ्या करायचा रिकामा घोडा. आरसा हलवलेला नाही. गाडी द्यायचीच आहे, कशाला उगीच.

९ नोव्हेंबर, शनिवार

किट आलं. चेन, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, गॅस्केट आणि दोन नवे टेन्शनर, डाव्या बाजूचा एक, उजव्या बाजूचा एक. करंगळीएवढी वस्तू, पण काय रुबाब. प्रत्येकात एक बारीक पोलादी लॉकपिन अडकवलेली. पिन आत आहे तोवर स्प्रिंग दाबलेली राहते. सगळं बसवून झालं की पिन ओढायची, टेन्शनर सुटतो आणि चेन ताणून धरतो. व्हिडिओतला माणूस म्हणाला, काही लोक पिन ओढायलाच विसरतात आणि कव्हर लावून मोकळे होतात.

असे लोक असतात खरे.

आजच सुरुवात. रविवारी संध्याकाळपर्यंत पुट्टीकाकांना फोन करून गाडी न्या म्हणून सांगायचं. फोनमध्ये रिमाइंडर लावला.

१० नोव्हेंबर, रविवार

रिमाइंडर वाजला तेव्हा मी गाडीखाली होतो.

प्रगती उत्तम. रेडिएटर रिकामा केला. पंखा काढला. पट्टे काढले. मग क्रँकच्या पुलीचा मोठा बोल्ट. हलेना. मेस्त्रीला फोन लावला. तो कुठल्यातरी गाडीच्या पोटातून ओरडला, उलटे आटे आहेत त्याला, उलटं फिरवा. दुपारभर उलटं फिरवलं. पान्याला पाइप लावला, पाइपवर उभा राहिलो. संध्याकाळी मेस्त्री स्वतः आला तेव्हा कळलं की उलटे आटे पंख्याच्या नटाला असतात. तो म्हणतो, मी पंख्याचंच बोललो होतो. म्हणजे मी दुपारभर तो बोल्ट जन्माचा आवळला. मेस्त्रीने न्यूमॅटिक गनने क्षणात सोडवला आणि म्हणाला, साहेब, अंगात ताकद बरी आहे हो तुमच्या.

शेडमध्ये एक अडचण आहे, फार गंभीर नाही. बाबांच्या उरलेल्या काचा तिथे भिंतीला टेकवून ठेवल्यात. पिवळा बल्ब लावला की प्रत्येकीत कोणीतरी वाकून काम करताना दिसतं. तो मीच असतो. बाबांचा जुना निळा डगला घातलाय, कपडे खराब होऊ नयेत म्हणून. पण मी सरळ उभा राहिलो तरी एखादा जरा उशिराने उभा राहतो. काचा जुन्या आहेत, लहरी असतात त्यात. काचांवर चादर टाकली. डोळ्यांवर तिरीप येत होती.

११ नोव्हेंबर, सोमवार. पहाटे

आज गाडी चालू करायचा प्रश्न नव्हता. पुली बाहेर, पंखा बाहेर, बॅटरी सोडवलेली. म्हणून निवांत झोपायचं ठरवलं होतं.

त्याच वेळी खडखड ऐकू आली.

पूर्ण ऐकू आली. नेहमीची, तेवढीच लांब, शेवटी दोन सुटे ठोके. मग शांत. आईच्या खोलीत दिवा लागला.

शेडमध्ये जाऊन पाहिलं. सगळं होतं तसं. फक्त चादर काचांवरून खाली पडलेली.

कारणं शोधली: (१) फ्रिज. (२) शेजाऱ्यांचं शटर. शेजाऱ्यांना शटर नाही. तेव्हा फ्रिज.

१३ नोव्हेंबर, बुधवार

फ्रिज रात्री बंद करून झोपलो. पहाटे खडखड. सकाळी दूध नासलेलं. बायकोने विचारलं, फ्रिज का बंद केला? सांगितलं, वीज वाचवायची आहे. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर ती सहसा माझ्या बहिणीसाठी राखून ठेवते.

मग म्हणाली, तुम्ही झोपेत दात खाता. मार्चपासून. पहाटे तर करवत चालल्यासारखा आवाज येतो.

हास्यास्पद. माझ्या दातांना चेन नाही.

चादरीचा उलगडा झाला. आईने ती धुवायला काढायची म्हणून ओढून ठेवली होती. तिला शेडमध्ये कधी जाऊन आलीस विचारलं. म्हणाली, मी जाते अधूनमधून.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मोठा दिवस. पुढचं कव्हर उघडलं. एवढी वर्षं या घराला पहाटे उठवणारी चेन पहिल्यांदा पाहिली. सायकलच्या चेनपेक्षा जरा जाड. एवढीशीच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल.

डावा टेन्शनर बोटाने दाबला तर दबून राहिला, परत वर आला नाही. उजवा तसाच. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे तुकडे ऑइलमध्ये, नखं कापून टाकावीत तसे.

नवी चेन बसवताना प्रत्येक दात जागच्या जागी यायला हवा, म्हणून आधी खुणा करायच्या असतात. बायकोचं लाल नेलपॉलिश आणून सुरेख ठिपके दिले. मग ऑइलचे डाग दिसायला बरे नाहीत म्हणून सगळं पेट्रोलने पुसून काढलं. ठिपक्यांसकट.

मेस्त्रीला बोलावलं. त्याने खुणा परत काढून दिल्या आणि नेलपॉलिशची बाटली खिशात टाकून गेला. म्हणाला, पाच सेकंदांत वाळतं, चांगली वस्तू आहे. बायकोला सांगायचं राहिलंय.

जुनी चेन शेडच्या खिळ्याला टांगली आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहाटे खडखड. चेन खिळ्याला टांगलेली, इंजिन उघडं, आत हलायला काही नाही. तरी झाली. म्हणजे आता शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं की आवाज टेन्शनरचा नाही. पण काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही.

दुपारी पुट्टीकाका आले. उजव्या हाताला बँडेज. गाडी केव्हा मिळेल हे विचारायला नव्हते आले, सहज आले होते. काचा हल्ली भाड्याच्या टेम्पोत नेतात. टेम्पोवाला ब्रेक असा मारतो की काच म्हणते मी चालले. परवा अख्खी शोकेसची काच गेली, ती सावरायला गेले म्हणून हात. काच सोडून द्यायची हे बाबा त्यांना नेहमी सांगायचे, म्हणाले. पडणारी काच धरायची नाही. कधी ऐकलं नाही मी त्यांचं.

मी म्हटलं, पुढच्या रविवारी गाडी दारात लावतो. ते म्हणाले, सावकाश कर. त्यांच्या ‘सावकाश कर’मध्ये काहीतरी होतं, पण माझं लक्ष गॅस्केटकडे होतं.

मग ते उघड्या इंजिनासमोर स्टुलावर बसून राहिले. म्हणाले, तुझे बाबा कामावर बोलायचेच नाहीत. तोंडात कायम खिळे. काचेच्या चौकटीला मारायचे बारीक, बिनडोक्याचे खिळे ओठांत धरायचे, एकेक काढून ठोकायचे. काही विचारलं तर नाकातून हुंकार. म्हणून आमचं जन्मात भांडण झालं नाही. संध्याकाळी शेवटचा खिळा तोंडातून निघाला की विचारायचे, हं, तू सकाळी काय म्हणत होतास?

खिळ्यांचा डबा अजून फळीवर आहे. पुट्टीकाकांनी उघडून पाहिला आणि झाकण लावून ठेवला.

जाताना म्हणाले, डगला तुला बरोबर होतो की. मला तो खांद्यात जरा घट्ट होतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

बायकोने फोनवर रेकॉर्डिंग केलं. पहाटेचं. सकाळी चहाच्या वेळी ऐकवलं. खडखड, हुबेहूब, शेवटचे दोन ठोके धरून. ती म्हणाली, हे तुम्ही. मी म्हटलं, फोन शेडच्या बाजूच्या खिडकीत असणार. ती म्हणाली, फोन तुमच्या उशीवर होता.

आई बाजूलाच बसली होती. ऐकून म्हणाली, ह्यांचेही वाजायचे. मार खाल्लेल्या माणसासारखे दात खायचे झोपेत. सुटीच्या दिवशी जास्त.

हे मला कोणी आजवर सांगितलं नव्हतं.

बायकोच्या समाधानासाठी दातांच्या डॉक्टरकडे गेलो. तिने तोंडात आरसा घातला आणि विचारलं, काही टेन्शन? मी म्हटलं, दोन, डावं आणि उजवं, येत्या शनिवारी बसवतोय. ती हसली नाही. माप घेतलं. रात्री दातांवर घालायचा रबरी गार्ड करून देणार आहे. तो घातला की आवाज बंद, म्हणाली. पूर्ण बंद? पूर्ण.

घरी येताना विचार केला. घाई नको त्याची.

२३ नोव्हेंबर, शनिवार

इतिहास घडला. दोन्ही टेन्शनर बसवले. नवी चेन चढवली, ठिपक्याला ठिपका. सगळं असं जमलं की मेस्त्री असता तर गप्प झाला असता.

आज हात आपोआप चालत होते. कव्हरचे छोटे बोल्ट, वॉशर, जे हातात मावेना ते ओठांत धरलं. मुद्दाम नाही. दोन्ही हात इंजिनमध्ये असले की तिसरा हात तोंडच. एकदा बायको विचारायला आली की जेवायला येता का, आणि माझ्याकडून नाकातून हुंकार गेला. ती तशीच उभी राहिली. मग निघून गेली.

चादर वाळत घातली आहे, त्यामुळे काचा उघड्याच होत्या. सगळ्यांच्या सगळ्या माझ्याबरोबर काम करत होत्या. आज उशीर कोणीच केला नाही.

डावी पिन ओढली, वाटीत टाकली, टण्. उजवी पिन ओढली, ती ओठांत धरली, कव्हर उचललं, लावलं, बोल्ट आवळले. शेवटी तोंडातली पिन काढून वाटीत टाकली. वाटीत दोन पिना. मोजून दोन. व्हिडिओतल्या त्या लोकांसाठी मनापासून वाईट वाटलं.

गॅस्केटचा सीलंट रात्रभर वाळू द्यायचा. उद्या कूलंट, ऑइल, बाकीची जुळवाजुळव.

२४ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी

गाडी तयार. चालू केली नाही. टेन्शनरची खरी परीक्षा गार इंजिनवर होते. उद्या पहाटे.

पुट्टीकाकांना कळवलं की उद्या या. ते म्हणाले, नक्की? नक्की.

गार्ड आला. निळसर, बाबांच्या काचेसारखा पारदर्शक. एका रात्रीचा प्रश्न आहे, उद्यापासून घालेन. आज पहाट चुकायला नको.

२५ नोव्हेंबर, सोमवार. पहाटे

पहिल्याच सेल्फला चालू झाली.

खडखड.

नवं ऑइल आहे, चढायला वेळ लागेल, म्हणून थांबलो. खडखड चालूच. इतकी वर्षं ती थांबायची. थांबली की कळायचं, निघाले. आज थांबेचना. कोणीतरी बूट घालून दारात उभं आहे आणि निघत नाही, असं. काचा थरथरत होत्या. खिळ्यावरची जुनी चेन हलत होती.

किल्ली फिरवून बंद केलं. बसून राहिलो. डायग्नोसिस.

आईच्या खोलीतला दिवा चालू. विझेना. मग शेडचं दार उघडलं आणि आई आली. केबिनचं दुसरं दार उघडून, आधी एक पाय वर टाकून, शेजारी येऊन बसली. या गाडीत ती कधी बसलेली मी पाहिली नव्हती. बाबा म्हणायचे, पुढे पुट्टी, मागे काच, बाईमाणसाला जागाच नाही.

मी म्हटलं, अगं, थंडीत कशाला आलीस? ते निघाले असं समज आणि झोप.

ती म्हणाली, “कोण निघाले?”

मग म्हणाली, “ते गेले हे मला तुझ्या आधी कळलंय. मी शेजारी झोपले होते. दिवा मी तुझ्यासाठी लावते. शेडच्या पायरीवर अडखळतोस तू. गाडी बंद केलीस की किती वेळ आत येत नाहीस. तू आलास की विझवते.”

मी बॅटरीबद्दल समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. डॅशबोर्डवरून बोट फिरवलं, धूळ पाहिली, पदराला पुसली.

“मार्चपासून माझी पहाटेची झोप खाल्लीस,” म्हणाली. “गाडी त्याला देऊन टाक. त्याचा हात बघितलास का?”

आईचा थोडा गोंधळ झालेला दिसतो. वयाचा भाग आहे. मी हे खरं म्हणजे तिच्यासाठीच…

पुढे लिहायला वेळ नाही, मेस्त्रीला आणायला निघतो आहे.

२५ नोव्हेंबर. संध्याकाळी

मेस्त्रीने कव्हर उघडलं. माझा सीलंट बघून म्हणाला, एवढ्यात एक खिडकी बसली असती.

उजव्या टेन्शनरची लॉकपिन जागच्या जागी. आत. ओढलेलीच नाही. टेन्शनर आजपर्यंत दबून बसलेला, चेन मोकळी लोंबत होती.

मी वाटी आणून दाखवली. वाटीत दोन. मेस्त्रीने दोन्ही उचलल्या, एक परत ठेवली, दुसरी बोटांत फिरवून मला दिली. बारीक. डोकं नसलेला खिळा. काचेच्या चौकटीचा.

शनिवारी कव्हर लावताना मी ओठांत बाबांचा खिळा धरला होता. डबा फळीवर बंद आहे. मी तो उघडल्याचं मला आठवत नाही. मेस्त्री म्हणाला, असतात जमिनीवर पडलेले, बोल्टबरोबर उचलला असेल तुम्ही. बरोबर आहे. असतात.

पुट्टीकाका तोवर आलेच होते. दारात उभे राहून सगळं ऐकलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

मेस्त्री पिन ओढायला गेला तर ती वाकून अडकलेली. म्हणाला, पहाटेच्या स्टार्टने ठोकली गेलीय, टेन्शनरच बदलावा लागेल, आणि चेन कुठला दात सोडून सरकलीय तेही बघावं लागेल. आता एकदा जरी सेल्फ मारला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांचं थोबाड फोडतील. मग हे इंजिन विसरायचं. मी म्हटलं, मी परत उघडतो, रविवारपर्यंत. बायको शेडबाहेर निघून गेली.

पुट्टीकाका म्हणाले, आहे तशी नेतो. तिकडे गॅरेजमध्ये नेऊ, मेस्त्री करेल. तू लई केलंस.

३० नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी

उद्या पहाटे गाडी जाणार. पुट्टीकाका एक ओळखीचा ट्रक आणि दोर घेऊन येतील. वारा नसतो, रस्ते रिकामे असतात. काच नसली तरी सवय.

संध्याकाळी ते येऊन पाहून गेले. केबिनमध्ये बसून आरसा स्वतःच्या उंचीला लावून बघितला. मग माझ्याकडे पाहिलं आणि घाईने परत होता तसा केला. तसा झाला नाही. ते गेल्यावर मी बसून पाहिलं. आता त्यात नुसतं कपाळच नाही, माझा अख्खा चेहरा दिसतो. निळा डगला, मिटलेले ओठ. मी ओठ उघडून खात्री केली. तोंडात काही नव्हतं.

काचाही उद्याच जातील. खिळ्यांचा डबा पुट्टीकाका म्हणाले तुझ्याकडेच राहू दे. तो एक खिळा मी डब्यात परत टाकला आहे. बहुतेक टाकला.

डगला धुवायला दिला. गार्ड स्वच्छ घासून वाटीत ठेवलाय. उद्या गाडी गेली की त्याच रात्रीपासून घालणार. एक दिवस इकडेतिकडे.

आईने सांगून टाकलं की उद्या दिवा लावणार नाही, उशिरापर्यंत झोपणार आहे. वर म्हणाली, पायरी जपून उतर.

गाडी ओढत न्यायची म्हणजे केबिनमध्ये कोणीतरी स्टिअरिंग धरायला हवं. ते काम मी घेतलं. पुट्टीकाकांचा हात अजून नीट नाही. स्टिअरिंगचं कुलूप सुटायला किल्ली एक खटका फिरवावी लागते. एकच. दुसऱ्या खटक्याला दिवे लागतात, तिसऱ्याला सेल्फ. बॅटरी मी मघाशी जोडून ठेवली, ब्रेकचे दिवे लागावेत म्हणून. मेस्त्रीने एक खटका हे मला तीनदा सांगितलं. पुट्टीकाकांना एकदाही नाही. माणसं उगीच शंका घेतात.

किल्ली उशीखाली आहे. दुसऱ्या खटक्याचा प्रश्नच येत नाही. तिसऱ्याचा तर नाहीच नाही.